डावीकडचा वरंबा

मंगळवार, चौदा जानेवारी. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. लेम्पी ओयालाच्या वाटेवरचा बर्फ मी पोचण्याआधीच कोणीतरी काढला होता.

अकरा इंच पडला होता. रस्त्यापासून तिच्या दारापर्यंतची वाट दोनशे दहा पावलं, एका फेरीत निघेल इतकी अरुंद. काढलेल्या बर्फाचा वरंबा आत जाताना डाव्या हाताला होता आणि त्यात खडी मिसळली होती. पण काउंटीची गाडी रस्ता साफ करताना वाटेच्या तोंडाशी जो गुडघाभर बांध टाकून जाते, तो शाबूत होता, म्हणजे रस्त्यावरून आत कोणी आलंच नव्हतं. ट्रॅक्टरला जोडायचं बर्फ काढायचं पातं त्या बांधाच्या आतल्या बाजूला टेकवून घराकडे ओढलं होतं.

चाकांच्या खुणा नव्हत्या, त्याचं मला काही वाटलं नाही. ट्रॅक्टरच्या मागचं पातं स्वतःच्या खुणा पुसतच पुढे जातं. नवल वरंब्याचं होतं. आमच्याकडे सगळे पातं तिरकं लावून बर्फ उजवीकडे टाकतात आणि उजव्या खांद्यावरून मागे बघतात. डावीकडे टाकणारा एकच होता, लेम्पीचा नवरा उर्हो. लाकूडतोडीत मानेवर फांदी पडल्यापासून त्याची मान उजवीकडे वळत नसे.

उर्होला आम्ही ऑक्टोबरात पुरलं. त्याचा ट्रॅक्टर नोव्हेंबरात विकला गेला.

माझं पातं त्यानेच निवडून दिलं होतं, सप्टेंबरात. तेव्हा त्याला दुकानाच्या आवारात दहा पावलं चालतानाही दम लागत होता.

"दुकानदार सात फुटी घे म्हणतोय," मी म्हणालो.

"त्याच्याकडे तेच पडून आहे म्हणून. तिरकं केलं की पातं आखडतं, टाउनो. तेव्हाही दोन्ही चाकांच्या बाहेर चार बोटं निघायला हवं. नाहीतर स्वतःच तुडवलेला बर्फ मागे राहतो. आठ फुटी घे. आणि जड घे, हलकं पातं बर्फावर पोहतं."

मी आठ फुटी घेतलं. परतताना तो म्हणाला, "माझ्यामागे हिची वाट तू काढायचीस. एक दिवस जरी बंद पडली, तरी पोरगी हिला उचलून ॲरिझोनात नेईल. ही तिथे जगायची नाही."

"आणि माझी कोण काढणार?"

"आधी हिची होऊ दे. मग तुझं बघतो, म्हाताऱ्या." तो हसला आणि खोकत राहिला.

त्या मंगळवारी लेम्पीने दार उघडलं. "आज भलताच लवकर आलास."

"मी आत्ता येतोय."

"मग घासत कोण होतं? पातं खडीला लागत होतं. मी झोपेतच ओरडले, अरे, दोन बोटं वर घे! चाळीस वर्षं सांगतेय." तिने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. टेबलावर तीन कप होते.

तिसऱ्याला तिने हात लावला नाही. माझं घर तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. हिवाळ्यात मी ज्या टेबलाशी बसून कोणाशी बोलतो, असं ते एकच टेबल.

बर्फ किती पडलाय ते बघायला मी आधी चालतच गेलो होतो, ट्रॅक्टर घरीच होता. घरी जाऊन मी माझं पातं तपासलं. ते फळ्यांवर टेकलेलं होतं, कोरडं.

एकोणिसाव्या तारखेला वाट पुन्हा साफ होती. या वेळी ती दारापाशी थांबली नव्हती. घराला वळसा घालून तळ्याच्या काठापर्यंत गेली होती. वरंबा डावीकडे. जाणारी फेरी होती, परतीची नव्हती.

"तिकडे कशाला?" मी विचारलं.

"मला काय माहीत? पोरगी अठ्ठावीसला येतेय, बॅग भर म्हणाली." लेम्पी खिडकीतून तळ्याकडे बघत होती. "मी नाही जायची तिच्याबरोबर. वाट उघडी आहे ना?"

"आहे."

"झालं तर."

सत्तावीसला सकाळी मी गेलो तेव्हा दार लोटलेलं होतं. स्टोव्ह गरम होता. दोन कप धुऊन पालथे घातलेले. बॅग रिकामी.

घरामागची वाट आता गोठलेल्या तळ्यावर उतरली होती.

शेरीफच्या माणसाने ती मोजली. काठापासून चारशे बारा पावलं, सरळ. तिथे वरंबा संपला. पुढे कोणी न तुडवलेला बर्फ. त्याने तळ्याच्या गोठलेल्या थराला भोक पाडून पाहिलं, बावीस इंच जाड. भेग नव्हती. लेम्पीच्या बुटांचा ठसा कुठेच नव्हता.

"सरळ कुठे जाते ही?" त्याने विचारलं.

मी पलीकडच्या काठावरचं माझं धुराडं दाखवलं.

मुलगी आली, चार दिवस राहिली, परत गेली. शोध चालू आहे.

आज मंगळवार, चार फेब्रुवारी. नऊ इंच पडला. सहा चाळीसला मी ट्रॅक्टर काढायला दार उघडलं.

माझी वाट साफ आहे. तोंडाशी बांध शाबूत आहे. फेरी माझ्या दारापर्यंत आली आहे.

वरंबा डावीकडे आहे. मी तो फावड्याने उकरून पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यात खडीचा एक दाणाही नाही. पातं दोन बोटं वर घेतलेलं होतं.