सोमवार-गुरुवारचा काटा

पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या रेघेवरून आधी दोन मिलिमीटर खाली आला, तिथे जरासा थरथरला, आणि मग एकदम तळाला जाऊन बसला. टाकीत तेव्हा निदान सतरा लिटर पेट्रोल होतं. सिग्नलला गाडी थांबताच रेवतीने डायरीत लिहिलं: सोमवार, सव्वानऊ, तापमान एकतीस, रस्ता कोरडा.

"परत पडला का गं?" मागच्या सीटवरून आईने विचारलं.

"पडला."

"म्हणजे काल त्या मुलाने काही केलंच नाही. नुसती थालीपिठं हाणली."

रेवतीचा संशय उलटा होता... त्याने काहीतरी केलं असावं, असा.

तो मुलगा म्हणजे नचिकेत. त्याची ओळखही या काट्यानेच करून दिली होती. सारखं खोटं बोलणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवणं रेवतीने सोडून दिलं होतं, आणि एका संध्याकाळी नेमका तो खरं बोलला. दिल्लीत, भर कोपर्निकस मार्गावर गाडी बंद! आईचं 'तरी मी सांगत होते' सुरू झालं, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, ढकलू का? किती दिवसांनी मराठीत ओरडा ऐकला... अगदी घरी आल्यासारखं वाटलं."

हातात साबुदाणा वड्यांचा पुडा, चेहऱ्यावर हसू. गाझियाबादला राहायचा, सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्या उघडून बसायचा. त्याने पेट्रोल आणून दिलं आणि म्हणाला, "रविवारी येऊन काटा बघतो."

त्यानंतर पाच रविवार तो लक्ष्मीबाई नगरात, त्यांच्या घरी आला. दर वेळी दोघं चक्कर मारून यायची, आणि काटा शहाण्या मुलासारखा जागेवर. सोमवार उजाडला की पुन्हा तळाला.

रेवती मापक यंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. रोज मेट्रोने जायची. एरवी गाडी निघायची ती सोमवारी आणि गुरुवारी, आईच्या गुडघ्यांच्या व्यायामासाठी. तिने डॅशबोर्डच्या प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. एकही ठिपका हलला नव्हता. मग हा करतो तरी काय? गेले तीन रविवार एकटाच गाडी घेऊन 'हवा भरून आणतो' म्हणून का जातो? आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे, तिच्या हिशेबाने गाडी लिटरला बावीस किलोमीटर देत होती. पंधरा वर्षांची गाडी बावीस देत नाही.

नोव्हेंबरात गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. मग नियमाप्रमाणे ती दिल्लीत चालवता आली नसती. पुण्याला दादाकडे जायची होती. रेवतीलाही पुण्याला बदली मिळत होती. होकाराचा अर्ज तीन आठवडे खणात पडून होता. कुणी विचारलं की ती म्हणायची, "काटा नीट होऊ दे, मग बघू."

अर्जाची शेवटची तारीख पुढच्या सोमवारवर आली. त्याच्या आदल्या दिवशी, सहाव्या रविवारी, आई म्हणाली, "मलाही आयएनए मार्केटला सोडा. नारळ हवाय." आणि ती मागे बसली.

"तुमच्या डायरीत माझं नाव आहे का हो?" नचिकेतने गाडी काढता काढता विचारलं.

"आहे. 'संभाव्य कारणं' या रकान्यात."

"अरे वा! कितव्या नंबरवर?"

"पहिल्या."

तो हसला. पहिल्या वळणावरच काटा थरथरला आणि तळाला गेला. पण रेवती काट्याकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. त्याला जराही नवल वाटलं नव्हतं. फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मार्केटशी आई उतरली, दार लागलं... आणि काटा सावकाश वर चढला.

"तुम्हाला माहीत होतं," रेवती म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"तिसऱ्या रविवारपासून. काकू बोलता बोलता म्हणाल्या, हे गेल्यापासून मी पुढे कधी बसले नाही..."

रेवतीने डायरी उघडली. वेळ, तापमान, रस्ता, सगळं होतं. गाडीत कोण कुठे बसलं होतं, ते एकदाही नव्हतं. बाबा गेल्यापासून पुढची सीट रिकामी असायची. त्याची तिला इतकी सवय झाली होती, की ते लिहिण्यासारखं आहे हेच सुचलं नव्हतं.

"आणि सांगितलं नाहीत? पुन्हा पेट्रोल संपलं असतं तर? आई असते गाडीत!" तिचा आवाज चढला.

"संपलं नसतं." तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "हवा भरायला जायचो ना... तेव्हा पाच-सहा लिटर टाकून यायचो."

बावीस किलोमीटर! रेवतीला हसू आलं आणि रागही आला. आधी कुठला, ते तिला मोजता आलं नाही.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "पण तुम्हीच म्हणायचात, काटा नीट झाला की बघू. काटा नीट झाला असता, तर गाडी गेली असती. आणि गाडीबरोबर..."

वाक्य तसंच ठेवून तो उतरला आणि त्याने मागची सीट उचलली. खाली टाकीकडे जाणारी वायर लोखंडी पट्टीखाली चेंगरली होती. वर कुणी बसलं की आतली तार सुटायची, उठलं की जुळायची. त्याने ती कापली, नीट जोडली, वर टेप गुंडाळली. जेमतेम दहा मिनिटांचं काम.

रेवती मागे जाऊन बसली, अगदी आईच्या जागी. मान उंचावून तिने काटा पाहिला. हलला नाही.

"झालं," नचिकेत दाराशी उभा राहून म्हणाला. टेपचं उरलेलं रीळ तो उगाच बोटांवर फिरवत होता. "आता पुण्यापर्यंत खोटं बोलणार नाही."

"यापुढे तूही बोलायचं नाहीस."

त्या एकेरीने त्याची बोटं थांबली. "नाही बोलणार."

"मग ऐक." तिने डायरी मिटली. "गाडी जाईल पुण्याला. दादा येऊन घेऊन जाईल. मी जाणार नाही."