सात नंबरची नळी

काम तसं किरकोळ होतं. चार हेक्टरांत गहू पेरायचा. सहा मीटर रुंदीचं पेरणीयंत्र मागे जोडलेलं, ट्रॅक्टरचं तेलपाणी झालेलं, दुपारी दोनला सुरुवात केली की चारच्या आत हात धुऊन मोकळं. ओळंब्याने सकाळीच पेटीत बी भरलं, नळ्या फुंकून पाहिल्या, चाक हाताने फिरवून किती बी पडतं ते तोलून घेतलं. सगळं जागच्या जागी होतं. त्याचा जीवच तेवढा सकाळपासून थाऱ्यावर नव्हता.

ओळंब्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जीपीएस यायच्या आधी, नुसत्या नजरेवर, तो इतक्या सरळ ओळी पेरायचा की दाजींनी गवंड्याच्या ओळंब्यावरून त्याला ते नाव ठेवलं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुढे जीपीएस आलं, ट्रॅक्टर आपला आपण सरळ चालू लागला, तेव्हा दाजी म्हणाले होते, "ओळंब्या, तुझी नोकरी गेली रे. आता तू नुसता बसायचास." दोघंही खूप हसले होते. दाजींना जाऊन आता वर्ष होत आलं होतं, आणि गेले ते याच चार हेक्टरांत.

त्या माणसाची सारी हौस शेताच्या नकाशात होती. तीन हंगाम ते हे रान कुदळीने उकरत हिंडले. कुठे चिकण माती, कुठे वाळूसर, कुठे पाणी साचतं, कुठे बी रुजता रुजत नाही, सगळं टिपून त्यांनी जागेजागेचं बियाण्याचं प्रमाण ठरवलं. चिकणीत निम्मं बी कुजतं म्हणून तिथे जास्त, मऊ जमिनीत कमी. केबिनमधली स्क्रीन तो नकाशा वाचायची आणि चालता चालता यंत्र आपोआप बी वाढवायचं, घटवायचं. "जेवणाऱ्याची भूक बघून वाढायचं," दाजी म्हणायचे, "सगळ्यांच्या पानात सारखं कशाला?"

घरात एक नियम होता, तोही दाजींचाच. यंत्राच्या मागे जो जाईल त्याने ट्रॅक्टरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात घालायची. घाई असो, पाऊस असो, किल्ली मागच्या माणसाकडे.

गेल्या वर्षी याच दिवसांत सात नंबरची नळी तुंबली. केबिनमध्ये ओळंब्या होता. दाजी बांधावरून चालत आले आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. आभाळ भरून आलं होतं. किल्ली काढली की स्क्रीन बंद पडते, आणि पुन्हा चालू केल्यावर उपग्रह नीट धरायला तिला वीस मिनिटं लागतात. ओळंब्या म्हणाला, "किल्ली काढली तर सिग्नल जातो हो. मी इथेच बसलोय की." दाजींचा हात तसाच थोडा वेळ पुढे राहिला. मग तो मागे घेऊन ते यंत्राकडे गेले. काही वेळाने स्क्रीनवरचा सात नंबरचा लाल दिवा हिरवा झाला. ओळंब्याला वाटलं, झालं. त्याने आरशात पाहिलं नाही. राहिलेली ओळ पुन्हा पेरायला मागे यायचं म्हणून, स्क्रीनकडे पाहत त्याने रिव्हर्स गिअर टाकला.

हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना त्याने सांगितलं ते वेगळंच: मी बांधावर बी आणायला गेलो होतो, दाजी एकटे होते, किल्ली न काढताच मागे गेले, ट्रॅक्टर मागे सरकला. ताईने ते खरं मानलं. त्यामुळे वर्षभर ती नवऱ्यासाठी रडली कमी आणि त्याच्यावर चिडली जास्त. "दुनियेला नियम शिकवायचे आणि स्वतः विसरायचं," म्हणायची. दाजींचा फोटोही तिने कपाटात उपडा घालून ठेवला होता. ओळंब्या समोर बसून हे ऐकायचा आणि मान हलवायचा. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तोंड काही उघडत नव्हतं.

त्या दुपारी धुकं होतं. ट्रॅक्टरच्या नाकापलीकडे फार तर दहा पावलं दिसत होती. ताई बियाण्याची पोती घेऊन बांधावरच्या ट्रॉलीवर बसली होती, गळ्यात वॉकीटॉकी. त्याचा जोडसेट ओळंब्याच्या पट्ट्याला.

"आज संपव एकदाचं," ती म्हणाली. "खिडकी उघडली की हाच उघडा तुकडा दिसतो मला."

त्याने किल्ली फिरवली. स्क्रीन उजळली, उपग्रह धरायला तिने नेहमीचा वेळ घेतला आणि मग अक्षरं आली. *अपूर्ण काम सापडले. पुढे चालू ठेवायचे?* खाली गेल्या वर्षीची तारीख होती. नवीन काम उघडायचं तर शेताच्या कडेने पुन्हा फेरी मारून हद्द आखायची, नकाशा पुन्हा चढवायचा. कोण एवढा उपद्व्याप करतो? ओळंब्याने 'हो' दाबलं.

पहिल्या तीन फेऱ्या सुरळीत गेल्या. स्टिअरिंग आपलं आपण हलकेच फिरत होतं. आकडा हेक्टरी एकशे साठ किलोवरून एकशे नव्वदवर चढत होता, दोनशे दहावर जाऊन पुन्हा उतरत होता. दाजी वाढताहेत, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि ते त्याने झटकून टाकलं.

चौथ्या फेरीत मागची घरघर एकाएकी निम्मी झाली. यंत्राच्या उजव्या अर्ध्या भागाने बी टाकणं थांबवलं होतं. बिघाड नव्हता. पेरलेली जागा स्क्रीनवर हिरवी होते, आणि एकदा हिरव्या झालेल्या जागेवर यंत्र पुन्हा बी टाकत नाही, हा त्याचा शहाणपणा. पण उजवीकडची जागा अजून कोरी होती. तिथून कुणी गेलंच नव्हतं. तरी स्क्रीनवर तिथे एक हिरवा पट्टा होता, बरोबर सहा मीटर रुंद.

गेल्या वर्षीचा असेल, त्याने स्वतःला समजावलं. जुनं काम उघडलंय, जुनी नोंद दिसतेय.

पण पट्टा वाढत होता. शेताच्या दुसऱ्या टोकाकडून, ट्रॅक्टरच्या चालीने, तो त्याच्या दिशेने येत होता.

ओळंब्याने ट्रॅक्टर थांबवला. वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "ताई, शेतात आणखी कुणी ट्रॅक्टर घातलाय का?"

"कोण घालणार?"

"नाही... सहज विचारलं."

"तू वळलास का? आवाज माझ्याकडून तिकडे चाललाय."

"मी... मी थांबलोय, ताई."

स्क्रीनवरचा पट्टा त्याच्या अगदी बाजूला आला. केबिनची काच बारीक थरथरली. धुक्यात काहीही दिसलं नाही, ना दिवा ना सावली, फक्त नीलगिरीच्या तेलाचा वास आला. दाजींना कायम सर्दी असायची, त्यांच्या रुमालाला हाच वास यायचा. मग पट्टा मागे निघून गेला आणि वासही विरला. उजवीकडे पाहिलं तर मघाशी सपाट असलेल्या जमिनीवर ओल्या मातीच्या ताज्या ओळी उमटल्या होत्या. ओळंब्यानेही मान खाली घालावी इतक्या सरळ.

उतरून पळावं असं वाटलं, पण पळून जायचं ते ताईकडेच, आणि तिला सांगायचं काय? त्याने ट्रॅक्टर पुढे काढला. निदान बांध तरी गाठू. जेमतेम चाळीस मीटर गेला असेल, तोच स्क्रीनवर लाल दिवा लागला आणि बारीक आवाजात घंटी वाजू लागली.

सात नंबर.

कुठे आलोय हे बघायला त्याला बाहेर पाहावं लागलं नाही. दाजी गेले त्या जागेचा आकडा त्याला पाठ होता, दोनशे चाळीस, सगळ्या शेतात सर्वांत जास्त.

या वेळी त्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढली, खिशात घातली, खिशावर हात दाबून दोनदा खात्री केली आणि खाली उतरला. शांतता इतकी की बुटाला चिकटलेली माती गळून पडल्याचंही ऐकू येत होतं. तो यंत्रामागे गुडघ्यांवर बसला आणि त्याने सात नंबरची नळी उपसून काढली. आत कोंब होते. सकाळी फुंकून साफ केलेल्या नळीत वीतभर लांबीचे, उजेड न लागलेले पांढरे गव्हाचे कोंब, एकमेकांत गुंतून गच्च बसलेले. तो बोटांनी ते ओढू लागला आणि ते संपेचनात.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

त्याचा हात खिशाकडे गेला. किल्ली तिथेच होती. नांगराच्या फाळासारखी थंडगार. डोक्यावर नळ्यांत बी फुंकणारा पंखा घुमू लागला, यंत्राच्या माती कापणाऱ्या तबकड्या त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर हलकेच हलल्या आणि थांबल्या. ट्रॅक्टर रिव्हर्स गिअरमध्ये होता. कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून वाट बघत होतं. मागे सरकावं तर गुडघे चिखलात रुतलेले.

त्याने पट्ट्याचा सेट काढला. वर्षभर अडकलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं.

"ताई, मी बांधावर नव्हतो. केबिनमध्ये मीच होतो. दाजींनी किल्ली मागितली होती गं... मी दिली नाही. त्यांनी मागितली होती."

इंजिन बंद पडलं.

सेटमधून खरखर आली. मग ताईचा आवाज आला, अगदी शांत. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"आत्ताच कळलं. तू बोलायच्या जरा आधी."

ती धुक्यातून चालत आली. चिखलात बसलेल्या भावाकडे तिने पाहिलं. ओळंब्याला वाटलं, आता मारील, शिव्या देईल, आणि तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिने फक्त हात पुढे केला. त्याने किल्ली दिली.

"उरलेलं मी पेरते," ती म्हणाली. "तू नळ्यांकडे बघ."

ताईला ट्रॅक्टर चालवता येत होता, दाजींनीच शिकवला होता. ती केबिनमध्ये चढली, तिने किल्ली फिरवली. वीस मिनिटं घेणारी स्क्रीन क्षणात सगळे उपग्रह धरून तयार झाली. ओळंब्या पायरीवर उभा राहून बघत होता. नकाशावर आता सगळं शेत हिरवं होतं. ताई बसली होती तिथून मागे, यंत्राच्या जागी, एवढासा कोरा ठिपका राहिला होता, माणसाच्या लांबीचा. त्यावरचा आकडा होता शून्य.

घंटी वाजली. पुन्हा सात नंबर लाल झाला.

ओळंब्याने नियमाप्रमाणे हात पुढे केला. "ताई, किल्ली दे."

केबिनमध्ये नीलगिरीचा वास होता. ताईने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"किल्ली काढली तर सिग्नल जातो रे," ती म्हणाली. "मी इथेच बसलेय की."

हे शब्द त्याने जगात एकाच माणसापुढे उच्चारले होते. मघाशी चिखलातून बोलतानाही ते त्याच्या तोंडून निघाले नव्हते. त्याचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग त्याने तो मागे घेतला, पायरीवरून उतरला आणि यंत्रामागे जाऊन गुडघ्यांवर बसला. नळीत फारसं काही नव्हतं. दोन बोटं घातली तशी ती मोकळी झाली.

त्याने मान वर केली. लांबट आरशात ताईचा चेहरा दिसत होता. ती स्क्रीनकडे पाहत होती.