सव्वाचार ते साडेचार

ताई, बस. दार ओढून घेतलंस ना? मग राहू दे तसंच. पोहण्याच्या तलावांची कामं मी का सोडली, हे तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी पाठदुखीवर ढकललं. पाठ ठणठणीत आहे माझी.

काम अगदी किरकोळ होतं. एका निवृत्त मास्तरांच्या घरामागे छोटा तलाव होता आणि त्याच्या पंपाला नवा टायमर बसवायचा होता. जुना होता तबकडीचा, कडेने पिना असलेला. पाव तासाला एक पिन. आत ढकलली की पंप चालू, बाहेर ओढली की बंद. मी म्हटलं, "सर, हा अजून दहा वर्षं चालेल."

"वीज गेली की मागे पडतो," ते म्हणाले. "मला वेळ चुकून चालत नाही."

मग मी त्यांना बॅटरीचा आकडेवाला टायमर सुचवला. वीज गेली तरी त्याचं घड्याळ थांबत नाही. मास्तरांनी तो हातात घेऊन तीनदा विचारलं, की मधे पाव तास बंद ठेवता येईल ना? रोज सव्वाचार ते साडेचार?

आता मोटर सारखी बंद-चालू केली की तिचं आयुष्य घटतं, हे मी वीस वर्षं लोकांना सांगत आलोय. म्हाताऱ्याचं खूळ, असं मनात म्हणालो. तोंडाने हो म्हटलं आणि आकडे घातले ते सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, सलग. माझा शहाणपणा नडला, दुसरं काय.

पंपाची खोली तलावाला लागून, चार पायऱ्या खाली. बिनखिडकीची, क्लोरीनच्या वासाने कोंदलेली. बाहेरच्या बाजूला उघडणारं एकच लोखंडी दार. सव्वाचारच्या सुमारास काम आटोपून मी हत्यारं भरत होतो, तेवढ्यात मोटर घुसमटल्यासारखी घरघरायला लागली. पाणी ओढलं जात नव्हतं. गाळणीच्या पारदर्शक झाकणातून पाहिलं, तर आत केस. लांब, काळे, मूठभर केस गरगर फिरत होते. त्या घरात मास्तर एकटे राहायचे गं... आणि त्यांना टक्कल होतं.

गाळणी उघडायची म्हणून मी पंप बंद केला. सगळं एकदम शांत झालं. मग वर पाणी हललं, आणि पायऱ्यांवरून ओली पावलं उतरत आली. कोणीतरी दाराला पाठ टेकून खाली बसलं. आणि श्वास घेऊ लागलं... खोल, लांब, अधाशासारखा.

मी दार ढकललं. तसूभर हललं नाही. फटीतून पाणी आत यायला लागलं.

"सर! दार उघडा!"

"ओरडू नका," मास्तरांचा आवाज पायऱ्यांवरून आला, अगदी हळू. "टेकलीय जरा."

"कोण?"

"तळाच्या जाळीत केस अडकले होते आमच्या हिचे. सव्वाचारला. मी आत झोपलो होतो. पंप थांबला तो साडेचारला... टायमर मीच लावला होता हो. तेवढा पाव तास मी रोज परत देतो तिला. थोडं थांबा. साडेचारला ती आपणहून जाते."

थांबायला हवं होतं, ताई. कळत होतं मला. पण पाणी घोट्यापर्यंत आलं आणि माझा हात पंपाच्या बटणावर गेला.

"नको..." मास्तर म्हणाले.

मी बटण दाबलं. बाहेरचा श्वास मधेच तुटला. दारावरून काहीतरी घसरत, पायऱ्यांवर आपटत वर ओढलं गेलं आणि दार आपोआप उघडलं. बाहेर मास्तर मांडीवर कोरडा टॉवेल घेऊन बसले होते. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सहाच मिनिटं झाली होती. नऊ राहिली तिची."

ती नऊ मिनिटं ती आता माझ्याकडे येऊन घेते. मी जिथे असेन तिथे, चार एकवीसला, दाराला टेकून. म्हणून तू आलीस तेव्हा मी घड्याळ पाहिलं. ढकलू नकोस, उघडणार नाही. पाय वर घे, फरशी ओली होईल. मला सवय झालीय. साडेचारला ती उठून जाते आणि दार सुटतं. रोज, अगदी वेळेवर.

आज पावणेपाच झालेत, ताई. आणि नीट ऐक... बाहेर आज दोघांचे श्वास आहेत, दुसरा मास्तरांचा.