कावळ्यासमोर दिलेला शब्द

बसा, चहा घ्या. मी उठत नाही, माझ्या पायांत त्राण राहिलेलं नाही. दारातली बॅग बघून विचारलंत ना, पुन्हा कुठं निघालात? सांगते.

स्पेनला मी आणि माझी धाकटी जाऊ शिवानी, दोघी जाणार होतो. कळंबच्या एकाच शाळेत शिकवायचो आणि पाच वर्षं नुसतं ठरवत होतो. शहरं पायी हिंडायची आणि जिथलं तिथं खायचं, हा तिचा हट्ट. निघायला महिना असताना ती तापानं गेली. दहाव्याला मांजरा नदीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, माणसं ताटकळली. शेवटी मीच पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "शिवानी, तुला स्पेन दाखवते. तुझं मन भरेपर्यंत फिरवते." कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीसुद्धा.

मग एकटीच गेले. सेव्हिलमध्ये भर दुपारी दुकानं बंद, खिडक्या बंद, संत्र्याच्या झाडांखालची गल्ली सामसूम. मी थांबले की मागं एक पाऊल जास्त वाजायचं. अरुंद गल्ली आहे, आवाज घुमत असेल, असं म्हणून मी चालत राहिले. कोर्दोबात तळलेल्या वांग्यांवर मध घालून देतात. तिला हे फार आवडलं असतं, म्हणून पहिला घास ताटाच्या कडेला काढून ठेवला. तिथून ती सवयच लागली. घास दिसेनासा व्हायचा, मला वाटायचं चिमण्या नेतात. ग्रॅनडात मात्र बंद खोलीत बटाट्याचं ऑम्लेट खात होते. पाणी प्यायले, पाहते तर घास नाही. भीती वाटली... आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. सोबत होती.

पण थकले हो. फोन पावलं मोजतो ना, मी दहा हजार चालले की तो वीस हजार दाखवायचा. शेवटच्या दिवशी अंथरुणातून उठलेच नाही, फोन उशाशी होता. तरी अकरा हजार.

घरी आले तेव्हा सासूबाईंनी, गजराबाईंनी, उंबऱ्याबाहेरच थांबवलं. भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला, पायांवर पाणी घातलं, मगच आत घेतलं. जेवायला बसल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं.

"कावळ्याम्होरं... काय शब्द दिलास तू?"

"मन भरेपर्यंत फिरवते, म्हणाले, आत्या."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"आगं... तिचं मन कधी भरलं व्हतं का?"

मला पुढचं जेवण गेलं नाही. ताट सारायला खाली पाहिलं. कडेला, मी घास काढून ठेवायचे तिथं, उंबऱ्याबाहेर टाकलेला तो भाकरतुकडा होता. अर्धा खाल्लेला. त्याला मध लागला होता, आणि आमच्या घरात मध नव्हता.