डावीकडची रिकामी जागा

आधी ते खाऊन घे, कानोन. हातातला भाताचा गोळा संपव, चहा पी, मग सांगतो. नंतर तुला घास जायचा नाही, आणि टाकलेलं अन्न मला बघवत नाही. गाइड म्हणून आज तुझा पहिलाच दिवस, बघितलंस ना आपल्या प्रवाशांना? डुकराच्या हाडांच्या रश्शासाठी तास तास रांगेत उभे. वाडगं पुढ्यात आलं की आधी फोटो, मग दोन घास, आणि बाकीचं तसंच. का, तर पुढच्या दुकानात आतड्यांचा रस्सा खायला पोटात जागा हवी! शी. पंचवीस वर्षं झाली हिता गावाहून हाकाता शहरात बस आणतोय मी. खरेदी, खाणं आणि बंदर बघणं, एका दिवसात सगळं. माणसं खायला लागली की मी तोंड फिरवून बसतो.

हसू नकोस, ताकुतो, पुढे तुलाच ही बस चालवायची आहे. ज्याच्यामुळे हे झालं तो झाइत्सु तेत्सुजी शाळेत माझ्या वर्गातला. लाकडाच्या गिरणीत कामाला. हवं तर उद्या गावात त्याला जाऊन विचार. नको, विचारू नकोस.

गेल्या नोव्हेंबरची नऊ तारीख. शनिवार. त्याची आई, तोमिएबाई, जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते, आणि त्या एकेचाळीस दिवसांत तेत्सुजीच्या पोटात धड अन्न गेलं नव्हतं. अकरा किलोनं उतरला होता. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं, सगळं ठीक. पण वर्षअखेरपर्यंत असंच चाललं तर हा माणूस वाचत नाही, असं त्याच्या बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून मीच त्याला म्हणालो, "चल माझ्या बसमधून हाकाताला. तिथे भूक नाही लागली तर कुठेच नाही लागायची."

"आणि तिथेही नाही गेलं तर?"

"तर पुढच्या वर्षी तुझ्या नावानं उदबत्ती मी लावीन." थट्टा केली मी. तो हसला नाही.

माझ्या मागच्याच सीटवर बसला. बोगदा लागला, बाकीचे डुलक्या काढत होते, तेव्हा बोलायला लागला.

"शेवटी आईला दात नव्हते. कवळी बसत नव्हती. भरवायला मीच. आणि मला ते बघवायचं नाही रे. तो चपचप आवाज. हनुवटीवरून ओघळणारी लाळ. मासा, लोणचं, भात, चहा, सगळं एकाच वाडग्यात कालवायचो आणि भराभर कोंबायचो. लवकर संपावं म्हणून."

मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं."

"ऐक तर. एक दिवस तिनं चमचा ढकलला. म्हणाली, तू चावून दे. तू लहान होतास तेव्हा मी द्यायचे ना, तसं."

"मग?"

"मला उमासा आला. वाडगं मोरीत फेकलं. घाणेरडी म्हातारी म्हणालो तिला. तोंडावर. त्यानंतर तिनं माझ्यासमोर तोंड उघडलं नाही. शेवटपर्यंत नाही."

मी नजर वळवली नाही. समोर रस्ता होता.

"आता मी घास घेतला की..." तो म्हणाला, "तोंडात गेल्या गेल्या तो चावलेला असतो. कुणीतरी आधीच चावलेला. कोमट. बुळबुळीत."

खरं सांगतो, मला त्याची किळस आली. आईला असं बोलला म्हणूनही आली, आणि आता सकाळच्या वेळी माझ्या कानाशी हे सांगतोय म्हणूनही आली. खोटं कशाला बोलू? पण मित्र होता.

हाकाताला उतरल्यावर मी स्वतः त्याला फिरवलं. जमिनीखालच्या बाजारात बायका पिशव्यांवर पिशव्या भरत होत्या. तिथे माशाच्या तिखट अंड्यांचा एक दाणा चाखायला दिला. कागदात थुंकला. रश्शाच्या दुकानात दोन शेवया, पुन्हा कागद. बाकीची मंडळी उंच मनोऱ्यावर जाऊन समुद्र बघून आली, हा खाली बाकावर, खिसा थुंकलेल्या कागदांनी भरलेला. सहा वाजता मी हात टेकले. नदीकाठी मुता म्हणून माझ्या ओळखीचा एक आहे, चाकांचा गाडा लावतो संध्याकाळी, आठ माणसांची बसायची जागा. तिथे त्याला सोडलं. म्हटलं, "नऊला बस निघते. निदान गरम रस्सा तरी पी."

पावणेनऊला आला. गाल लाल. हनुवटीला मोहरीची चटणी.

"गेलं रे! मुळा गेला, मासळीच्या वड्या गेल्या, बैलाच्या चिवट शिरासुद्धा गेल्या!" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "शेजारी एक बाई होती. बोलली नाही काही. पण भुकेली वाटली, म्हणून तिलाही दिलं थोडं."

मला काय, आनंदच झाला. परतीच्या वाटेवर तो घोरत होता. सोमवारी गिरणीत कामावर हजर. बहिणीनं मला घरी येऊन मिठाईचा डबा दिला. दोन दोन वाट्या भात खातो म्हणाली.

तेवीस तारखेला बस पुन्हा हाकाताला आली. रात्री आठच्या सुमारास मी मुताचे आभार मानायला गेलो. शनिवार असून गाड्यावर एकही माणूस नव्हता. मला बघून त्यानं पळी खाली ठेवली.

"ड्रायव्हरसाहेब, त्या दोस्ताला पुन्हा आणू नका."

"का? पिऊन गोंधळ घातला?"

"प्यायला असता तर परवडलं असतं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक बसत नाही इथे. त्यानं शिरा मागवल्या. तुकडा तोंडात घातला. चावला. खूप वेळ चावला. मग... जेवायच्या काड्यांनी तोंडातून बाहेर काढला."

"थुंकला असेल. त्याला जेवण..."

"थुंकला नाही. काढला. आणि डावीकडे धरला. हवेत."

"डावीकडे कोण होतं?"

"कोणी नाही. त्या रात्री त्याला धरून सातच माणसं होती."

कानोन, तुला माहीत आहे, आपण काड्यांतून काड्यांत कधी काही देत नाही. एकदाच देतो. आपलं माणूस जळून झाल्यावर, हाडं वेचताना. मुता पटकन ओरडला म्हणे, "अहो, माझ्या गाड्यावर हे नाही चालायचं! द्यायचं तर ताटलीत ठेवून द्या!" आणि एक रिकामी ताटली घेतली, सवयीनं काठाला मोहरीची चटणी लावली, आणि त्या जागेपुढे सरकवली.

"मी ठेवली," मुता म्हणाला. "माझ्या हातानं मी पान मांडलं तिथे."

मग सुरू झालं. एक घास स्वतः गिळायचा. एक चावायचा, काढायचा, ताटलीत ठेवायचा. मुळा. वड्या. शिरा. चावायचा. काढायचा. ठेवायचा. दोन मुली भरलेले ग्लास टाकून उठल्या. मग सगळेच उठले. तेत्सुजीला पत्ता नाही. खुशीत होता. मधूनच डावीकडे बघायचा, हळू खा, म्हणायचा.

"साडेआठला उठला," मुता म्हणाला. "मला वाकून नमस्कार केला. मग डावीकडे वाकला. गेला."

"आणि ताटली?"

"ढीग होता. पांढरट. लाळेच्या तारा सुटलेला. हात लावायला मन धजेना. टाकून द्यावं म्हणून कचऱ्याचा डबा ओढायला खाली वाकलो..."

रस्सा उकळत होता. मुतानं आच बंद केली.

"वाकलो. उठलो. एवढाच वेळ."

"मग?"

"ताटली रिकामी."

"मांजर असेल. नदीकाठी..."

"मांजर मोहरी चाटत नाही, ड्रायव्हरसाहेब. काठाची चटणी पुसून घेतलेली होती. बोटानं. तीन रेघा. बारीक बोटाच्या."

"तेत्सुजीनंच जाता जाता..."

"तो तेव्हा पुलावर पोचला होता. मला दिसत होता."

मुता पुलाकडे बघत म्हणाला,

"आणि मी बघितलं तेव्हा रेघा तीनच होत्या. चौथी... माझ्यासमोर ओढली गेली."