पलीकडचं टोक

ट्रान्सीव्हर मॉड्यूल म्हणजे प्रकाशातून माहिती धाडणारी आणि झेलणारी, अंगठ्याएवढी धातूची डबी. एक माझ्या सर्व्हरच्या रॅकमध्ये, दुसरी ऐंशी किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याच्या डेटा केंद्रात. मधे केसाएवढी काच आणि तिच्यातून धावणारा प्रकाश. इथल्या स्टोरेजमध्ये जे जातं, त्याची नक्कल त्याच वाटेने तिकडे साठते. इथे मी, तिकडे माझा दादा. केबल काढली की तिच्या तोंडाला रबरी टोपी लावायची, धुळीचा कण जाता कामा नये, हे त्यानेच मला ओरडून ओरडून शिकवलं. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम दोन-चार टोप्या असायच्या. धुणं टाकण्याआधी वहिनी त्याच्यापुढे हात करायची, "आणा त्या टोप्या इकडे."

काल डोंगराचा कडा त्या केंद्रावर कोसळला. दादाचा फोन लागेना. माझ्या मॉड्यूलचा हिरवा दिवा मात्र विझला नाही.

"प्रकाश येतोय म्हणजे तिथली बॅटरी चालू आहे, मशीनची खोली शाबूत आहे. दादा आतच आहे," मी सगळ्यांना ठासून सांगितलं. माझ्या शब्दावर खोदकाम चालू राहिलं. वहिनी माझ्या रॅकसमोरच्या एकुलत्या खुर्चीत बसून होती.

"दिवा आहे ना रे?"

"आहे, वहिनी."

आज सकाळपासून तो प्रकाश वाढायला लागला. एवढ्या लांबून येणारा प्रकाश दमून-भागून पोहोचतो, तो आपोआप वाढायचं कारणच नाही. मी मॉड्यूल बदललं. तरी वाढला. मग मॉड्यूल ज्या यंत्रात बसतं, त्या स्विचला अंतर मोजायला लावलं. प्रकाशाला जाऊन यायला किती वेळ लागतो त्यावरून स्विच ते सांगतो. चाळीस किलोमीटर. भुताखेतांच्या गप्पांचं मला पहिल्यापासून वावडं आहे. स्विचला चार शिव्या हासडल्या आणि पुन्हा मोजलं. नऊ.

वहिनीला आकडा दिसू नये म्हणून स्क्रीन माझ्याकडे वळवली.

दुपारी बचावपथकाच्या प्रमुखाचा फोन आला. "वरून अजून दगड येतायत. माझी माणसं जीव मुठीत धरून खोदतायत. तो आत आहे, याची खात्री आहे ना तुम्हाला?"

"एक मिनिट." मी मोजलं.

तीन मीटर.

माझ्या मॉड्यूलपासून रॅकच्या मागच्या पॅनेलपर्यंतची, जिथे बाहेरून येणारी काच जोडली जाते तिथपर्यंतची, केबल तेवढीच आहे. फोन कानाला लावून मी मागे गेलो.

केबल पॅनेलमधून काढलेली होती. तिच्या तोंडाला नीट टोपी लावलेली. टोपीवर ओली माती.

पुढे येऊन पाहिलं. दिवा हिरवाच.

"हॅलो? खोदू का थांबवू?"

"थांबवा," मी म्हणालो. पुढचं बोलताना रडू आवरेना. "तो तिथे नाही आता."

वहिनी रडली नाही. खुर्चीतून उठली, माझ्या खांद्यामागे बघत तिने हात पुढे केला.

"आणा त्या टोप्या इकडे."

थोड्या वेळाने तिने मूठ मिटली. उघडली तेव्हा आत दोन टोप्या होत्या, चिखलाने भरलेल्या.