ओला रुमाल आणि पणजीची गाडी

हे खरं आहे. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढं वाचून तुम्ही म्हणाल, जोया, काहीही फेकतेस बघ.

फेकत नाही. मुनिरा खाला माझ्या आईची सख्खी बहीण. पाटोद्यात तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. तिनं सांगितलं तसं सांगते, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

रात्र-बित्र शोधू नका यात. मे महिन्यातला बुधवार होता. भर दुपार. ठिकाण, पणजीचं बसस्टँड.

खाला तिथं पोराला आणायला गेली होती. आमेरला. एकुलता एक. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानावरून बापाशी, म्हणजे इलियास खालूशी, त्याचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो गोव्याला निघून गेला. पुढं खालू हार्टअटॅकनं गेले. आमेर बापाला माती द्यायलाही आला नाही.

गल्लीनं लई नावं ठेवली. खालाला गल्लीचं काही नव्हतं. तिला एवढंच पाहिजे होतं...

पोरगं घरी यावं.

निघाली एकटीच. लाल गाडीनं, गाड्या बदलत. लाल गाडीत बायांना अर्धं तिकीट, पण ते आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढं पूर्ण. आई म्हणाली, कशाला एवढ्या लांब? तर खाला म्हणते, "पोरासाठी हद्द काय, समुद्र वलांडीन मी!"

पणजी बघून ती बावरली. पोर्तुगीजांच्या वेळची कौलारू घरं, कुठं पिवळी, कुठं निळी. अरुंद गल्ल्या. आणि दुपारी सगळी दारं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. असल्याच एका घराच्या मागच्या खोलीत आमेर राहायचा. तो फार बोलला नाही. "येतो म्हणलं ना, अम्मी," एवढंच.

स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीला ही झुंबड! आमेरनं खिशातला रुमाल तिच्या हातात दिला. निळ्या चौकटीचा.

"तू जागा धर. मी पाणी घेऊन आलो."

जागा कशी धरतात ते तुम्हाला सांगायला नको. खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली, मग कुणी कितीही भांडो. आणि दुसऱ्याच्या रुमालाला हात लावायचा नाही. हा आपल्याकडचा कायदाच आहे.

खालानं टाचा उंच करून रुमाल फेकला. धक्के खात आत चढली. सीट गाठली.

आणि थबकली...

तिथं आधीच एक रुमाल होता.

मळकट, पांढरा. आमेरचा रुमाल बरोबर त्याच्यावर पडला होता. आणि खालचा तो ओला होता. एवढ्या उन्हात, ओलागच्च.

"कुणाचा हाय हो ह्यो?"

 माणसं दाटीवाटीनं उभी होती. पण त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर पुढं सरकलं असतं. पण खालाला वाटलं, जागा गेली तर पोरगं पुन्हा पाठ फिरवील. त्याला निमित्तच पाहिजे होतं. तिनं तो ओला रुमाल दोन बोटांत धरला आणि सीटखाली टाकला. आमेरचा खिडकीशी ठेवला. स्वतः अलीकडं बसली आणि वाकून पिशवी खाली सारायला लागली.

गाडीनं हिसका दिला.

ती वर झाली, तर खिडकीशी तो बसलेला...

मान मागं टाकलेली. तोंडावर निळ्या चौकटीचा रुमाल.

तिचे गुडघे ओलांडून तो आत कधी गेला, हे तिला कळलंच नाही. पण आईच ती. आला, बास.

"पाणी कुठाय रे?"

त्यानं तोंडावरचा रुमालही काढला नाही. रुसलाय, खाला मनात म्हणाली. रुसू दे. गाडीत तर बसलाय.

कंडक्टर आला. "मावशी, हद्दीपर्यंत दोघांचं पूर्ण. पुढं तुमचं अर्धं, ह्या भाऊंचं पूर्ण."

म्हणजे कंडक्टरलाही तो दिसत होता. हे ध्यानात ठेवा.

मग खालानं मन मोकळं केलं. "आमेर, तुझे अब्बा तापट व्हते, ठाव हाय मला. पर जाताना तुझंच नाव व्हतं तोंडात."

तो हलला नाही.

"त्यांचं घड्याळ ठिवलंय तुझ्यासाठी. कुणाला सांगितलं न्हाई. पत्र्याच्या पेटीत, माझ्या निकाहच्या ओढणीत गुंडाळून. माझ्या हातानं बांधायचंय तुला."

रुमाल हलला. श्वास घेताना हलावा तसा, तोंडाशी आत ओढला गेला...

आणि तसाच राहिला.

"घरी चल, बेटा. पुन्यांदा जाऊ नको. येशील ना?"

रुमालाखालून आवाज आला.

"येतो."

आमेरचाच आवाज. पण विहिरीच्या तळातून कुणी ओ द्यावी तसा.

खालाला रडू फुटलं. आनंदाचं. तिनं त्याचा हात हातात घेतला. गार होता, ओलसर. घाम असंल, ती म्हणाली.

पत्रादेवीचा नाका मागं पडला. हद्द ओलांडली. आणि तिच्या कमरेच्या पिशवीत मोबाईल वाजला.

नाव दिसलं... आमेर.

तिनं शेजारी पाहिलं. तोंडावर रुमाल. एका हातात त्याचा हात. दुसऱ्या हातानं तिनं फोन कानाला लावला.

"अम्मी, माफ कर. मी चढलोच न्हाई. अब्बाच्या कबरीपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? खांबाआडून बघत व्हतो. तुझ्या शेजारची जागा दिसत व्हती, एकदा वाटलं जावं पळत. पर तिथं कुणीतरी बसलं... मग फिरलो मागं."

खालाच्या मुठीत काहीच नव्हतं.

मूठ ओली होती. खिडकीची जागा रिकामी. सीटवर तो मळकट पांढरा रुमाल, तिनं खाली टाकलेला. निळा कुठंच नाही.

कंडक्टर मागून म्हणाला, "मावशी, भाऊ कुठं गेले? गाडी तर कुठं थांबली न्हाई!"

कोल्हापूरपर्यंत खाला उभी राहून आली. त्या सीटवर दुसरंही कुणी बसलं नाही.

आमेरचा फोन मग लागेचना. आणि पुढच्या जुम्म्याला, असरच्या नमाजाच्या वेळी, ऊन कलताना, तो दारात उभा.

"आलो, अम्मी."

हातात पिशवी नाही. फोन हरवला म्हणाला. गल्लीत आनंदीआनंद! आईनं शेवया केल्या. तो कब्रस्तानात जाऊन आला. खालाला तर काय करू आणि काय नको असं झालं.

जेवण झालं. हात पुसायला त्यानं खिशातून रुमाल काढला. निळ्या चौकटीचा.

खाला बघतच राहिली.

"अम्मी, अब्बांचं घड्याळ दे ना," तो म्हणाला. "पेटीत हाय न्हवं? तुझ्या ओढणीत?"

हे तिनं एकदाच सांगितलं होतं. त्या गाडीत...

खाला उठली, घड्याळ काढलं, त्याच्या मनगटावर बांधलं. मनगट गार होतं.

परवा दुपारी मी तिच्याकडं गेलते. आमेर खाटेवर झोपलेला, तोंडावर रुमाल. खाला शेजारी बसून वारा घालत होती. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. मी वाकून पाहिलं.

आमेर...

 "खाला, त्याचा हरवलेला फोन! कुणाला तरी सापडला असंल. उचल की!"

"रोज येतो," खाला म्हणाली. "मी उचलत न्हाई."

"कावून?"

ती खाटेकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आन तिकडून कुणी अम्मी म्हणलं तर? मी काय करू, जोया? माझा पोरगा घरी आलाय."

तिनं फोन गोधडीखाली दाबून धरला. तो वाजत राहिला, वाजत राहिला, मग थांबला. खाटेवरचा रुमाल तोंडाशी आत ओढला गेला...

मी पळतच घरी आले. तेव्हापासून तिकडं गेले नाही.

पण भिंत एकच आहे. दुपारी फोन वाजतो, तो इकडं ऐकू येतो.